मालक बघण्याचा कार्यक्रम

दिपाली मुंजाबा गाडेकर हिनं आठ महिन्यांत तीनशे बारा ठिकाणी अर्ज केले होते. हा आकडा तिनं मोजलेला नव्हता. पोर्टलनं मोजला होता, आणि दर सोमवारी सकाळी तो तिला अभिनंदनाच्या सुरात कळवला जात होता. शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री, पहिला वर्ग. राहणार शेंद्रा. घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की एमआयडीसीतली सात कारखान्यांची शेडं दिसत. पण तिथं पोचायचा रस्ता मागच्या दारानं नव्हता. तो मोबाइलमधून निघायचा, बंगळूरला वळसा घालायचा आणि तिथंच कुठंतरी हरवायचा.

शहराचं नाव बदलल्याचं पोर्टलला अर्धवटच कळलं होतं. छत्रपती संभाजीनगर टाकलं की ‘आपल्या भागात सध्या शून्य जागा’ असं उत्तर यायचं. जुनं नाव टाकलं की बिहारमधल्या औरंगाबादच्या जागा यायच्या. तिथल्या एका गोदामानं तिला दोनदा मुलाखतीला बोलावलं होतं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. केमिस्ट्री लिहिल्यामुळं गुवाहाटीतल्या एका औषधाच्या दुकानालाही ती पसंत पडली होती. नवशिक्यांच्या जागेसाठी तीन वर्षांचा अनुभव हवा असायचा. तिची प्रोफाइल कायम अडुसष्ट टक्के पूर्ण होती. उरलेल्या बत्तीस टक्क्यांत काय कमी आहे हे पोर्टल सांगत नव्हतं. गावात मात्र ते सगळ्यांना ठाऊक होतं. ओळख कमी होती.

दिपालीला तीच नको होती. नोकरी लागली तर आपल्या नावावर लागावी, पुढं जन्मभर कुणी ‘आम्ही लावली’ म्हणू नये, एवढी एकच अट तिनं घातली होती. अट तशी साधी होती. म्हणूनच आठ महिने लागले होते.

तिचे वडील मुंजाबा यांच्याकडं चाळीस मेंढरं होती आणि जगाकडं बघायची स्वतःची रीत होती. ‘या आठवड्यात सत्तेचाळीस जणांनी आपली प्रोफाइल पाहिली’ असं तिनं एकदा वाचून दाखवलं, तेव्हा ते काठीनं जमीन उकरत म्हणाले, “सत्तेचाळीस जण बघून गेले आन एकाचा बी निरोप नाय?”

निरोप तीनशे तेराव्या अर्जाला आला, तोही चक्क माणसाच्या आवाजात. के. डी. ग्लोबल टॅलेंट या संस्थेतून सोनिया नावाची मुलगी बोलत होती. गाड्यांची रबरी सीलं बनवणाऱ्या, शेंद्र्यातल्याच एका कारखान्यात तपासणी विभागात ट्रेनी हवी होती. आधी ऑनलाइन टेस्ट झाली, मग मुलाखतही मोबाइलवरच झाली. घरात रेंज फक्त मेंढवाड्याच्या कुडापाशी येत असल्यामुळं दिपाली तिथं स्टुलावर बसली. कारखान्यातल्या एका साहेबांनी तिला टायट्रेशन विचारलं, व्हर्नियर कसा वाचतात ते विचारलं, आणि मधेच हा आवाज कसला म्हणून विचारलं. “घरचेच आहेत,” दिपालीनं खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचा मेल आला. बुधवारी कागदपत्रं दाखवायची, शुक्रवारपर्यंत ऑनलाइन फॉर्म मंजूर व्हायचा आणि सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं.

घरात आनंद झाला तो अर्धा तास टिकला. मग शेजारचे नानासाहेब आले. नानासाहेब माजी सरपंच. गेली वीस वर्षं ते नोकरीसाठी लेटरहेडवर चिठ्ठी देत आले होते. त्यांच्या चिठ्ठीनं कुणाला नोकरी लागल्याचं गावाच्या ऐकिवात नव्हतं. पण चिठ्ठीवाचून लागल्याचंही नव्हतं, कारण जाणारा प्रत्येक जण सावधगिरी म्हणून ती घेऊनच जायचा. त्यांनी मेल दोनदा ऐकला. कुणाचं नाव सांगितलं का, नाही. चिठ्ठी नेली का, नाही. साहेबाच्या ओळखीचं कुणी, नाही.

“मंग घेतली कामून?” नानासाहेबांनी विचारलं.

पहिला वर्ग हे उत्तर दिपालीकडं होतं, पण ते तिनं दिलं तेव्हा नानासाहेबांनी तिच्याकडं फार मायेनं पाहिलं.

मुंजाबांना वेगळीच काळजी लागली. ते ऐन तारुण्यात सहा वर्षं सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. पण पोरगा एखाद्याच्या दावणीला द्यायचा तर त्याआधी घरचं वडीलधारं माणूस मालक बघून यायचं. ही रीत होती. मालकाच्या ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, आणि पाणी येईपर्यंत गोठ्याकडं नजर टाकायची. ज्याचे बैल वाळलेले, त्याचा गडी वाळणार. घरातली बाई भाकरी ताजी वाढते की सकाळची, हे बघायचं. मग हो किंवा नाही. मुंजाबांच्या बापानं अशी तीन घरं नाकारली होती. आणि इथं पोरगी सोमवारी निघाली होती, मालकाचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

दिपालीला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून तिला विचारलं नाही. मंगळवारी सकाळी ती झेरॉक्स काढायला गेली, आणि मुंजाबा नानासाहेबांच्या मोटारसायकलवर मागं बसून मालक बघायला निघाले. स्वच्छ धोतर, पांढरा पटका, हातात काठी.

कारखान्याच्या गेटवर रखवालदारानं कुणाला भेटायचं म्हणून विचारलं. मुंजाबा म्हणाले, मालकाला. रखवालदार विचारात पडला. त्याला इथं चार वर्षं झाली होती. त्यानं मालक पाहिला नव्हता. त्याचा स्वतःचा मालक वेगळा होता, कारण रखवालदार एका सिक्युरिटी एजन्सीचे होते, आणि तो मालकही त्यानं पाहिला नव्हता. रजिस्टरात ‘कामाचं स्वरूप’ असा रकाना होता. त्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं. “बघायला आलो,” मुंजाबा म्हणाले, आणि त्यानं तसंच लिहिलं.

तोवर मुंजाबांनी गोठा बघायला घेतला होता. नेमकी पहिली पाळी चहाला बाहेर आली होती. पोरं-पोरी हसतखिदळत होत्या. वाळलेलं कुणी दिसत नव्हतं. दोघं-तिघं तर चांगलेच सुटले होते. मुंजाबांना बरं वाटलं. जागेबद्दल मात्र त्यांचं मत चांगलं नव्हतं. याच रानात त्यांनी वीस वर्षं मेंढरं चारली होती. समोरच्या काचेच्या खोल्यांकडं काठी करून त्यांनी रखवालदाराला सांगितलं की तिथं खाली ओहोळ आहे आणि भादव्यात पाणी निघतं. रखवालदारानं चमकून पाहिलं. ती तपासणीची लॅब होती, आणि भादव्यात तिथं पाणी निघत होतं. तीन वर्षं कंपनीचे इंजिनिअर त्याचं कारण शोधत होते.

एवढ्यात आतून एचआरच्या मेघा मॅडम जवळजवळ धावतच आल्या. शेंद्र्यात नोकरी करणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवली जाते. गेटवर एक पटक्यातला म्हातारा आणि एक खादीतला गृहस्थ एकत्र दिसले, आणि म्हातारा काठीनं जमीन दाखवत असला, तर ते जमीन गेलेल्यांचं शिष्टमंडळ असतं. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. मेघा मॅडमनी दोघांना थेट कॉन्फरन्स हॉलमध्ये नेलं, एसी लावला, चहा आणि काजूची बिस्किटं मागवली, आणि निवेदन आणलंय का असं अदबीनं विचारलं.

मुंजाबांनी पाणी मागितलं. पाणी बिसलेरीचं आलं. ताजं की सकाळचं, ते कळायला मार्ग नव्हता.

निवेदन नाही हे कळल्यावर मेघा मॅडमना हायसं वाटलं. मालक बघायचा आहे हे कळल्यावर मात्र त्या गोंधळल्या. त्यांनी समजावून सांगितलं की काका, असा एक मालक नसतो. कंपनीचे शेअर दुसऱ्या कंपनीकडं आहेत, ती कंपनी जर्मनीत आहे, आणि तिच्यात एक फंड आहे.

“त्यो फंड हितं कवा येतो?” मुंजाबांनी विचारलं.

फंड येत नसतो, मॅडम म्हणाल्या. आणि तसंही दिपाली गाडेकर आमच्याकडं नाही. काम आमच्याकडं करेल, पण हजेरीपटावर ती कंत्राटदाराकडं असेल. सगळे तसेच असतात. खरं सांगायचं तर, असं म्हणून मॅडमनी आवाज खाली आणला, त्या स्वतःही एका तिसऱ्याच एजन्सीकडं होत्या. तेव्हा मालक बघायचाच असेल तर तो के. डी. ग्लोबल टॅलेंटचा बघावा लागेल, आणि तो मुकुंदवाडीला असतो. त्यांनी ड्रॉवरमधून एक कार्ड काढून दिलं.

कार्डावर पृथ्वीचा गोल होता. त्याखालचं नाव नानासाहेबांनी मोठ्यानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर मोठ्यानं वाचल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला. खंडेराव देवकाते. के. डी.

खंडेराव हा मुंजाबांचा सख्खा मेहुणा. वच्छलाबाईचा पाठचा भाऊ, दिपालीचा मामा. सहा वर्षं या दोन घरांत बोलणं नव्हतं. मोठी मुलगी रूपा हिच्या लग्नाच्या पत्रिकेत तिन्ही मामांची नावं यायला हवी होती. दोन आली. खंडेरावाचं राहिलं. कारण ऐन वेळी नानासाहेबांनी ‘प्रमुख उपस्थिती’ची यादी आणून दिली होती, अकरा नावांची, आणि छापणाऱ्यानं जागा करताना खालची एक ओळ उडवली. त्या अकरांपैकी लग्नाला कुणीही आलं नाही. खंडेराव आला. मांडवाच्या दाराशी उभं राहून त्यानं पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, आहेर ठेवला, आणि न जेवता निघून गेला. नवरीला मांडवात आणायचा मान ज्या मामाचा, तोच नाही, अशी शोभा झाली. शहरात तो कसला तरी धंदा करतो, माणसं पुरवतो, एवढंच मग इकडून तिकडून कानावर येत होतं. ग्लोबल झाल्याचं कुणाला माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर मुंजाबांनी ते कार्ड पटक्यात खोचून आणलं.

घरी ही बातमी तिघींना तीन तऱ्हांनी लागली असती, पण रूपा सासरी होती, तेव्हा दोघींना. वच्छलाबाईनं भावाचं कार्ड हातात घेतलं, गोलाकडं पाहिलं, आणि पदरानं पुसून देव्हाऱ्यात ठेवलं. दिपाली चुलीपुढं बसून राहिली. तीनशे बारा नकारांपेक्षा हा एक होकार तिला जास्त लागला होता.

“म्हंजे मला मामानंच लावली,” ती म्हणाली.

“रुसलेला माणूस कशाला लावल?” वच्छलाबाई म्हणाली. “आन लावली तर लावली. मामा हाय.”

“मला मामाची नोकरी नको, माय. माझी पायजे.”

मुंजाबांनी सांगितलं की आता मुकुंदवाडीला कुणी जायचं नाही. दिपालीनं सांगितलं की कागदपत्रं उद्या द्यायची आहेत आणि ती जाणार. नोकरी त्यानं लावली का नाही ते मामाला तोंडावर विचारणार, आणि लावली असेल तर तिथंच सोडून येणार. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती एवढं बोलली, म्हणून मुंजाबा काठी उचलून मेंढवाड्याकडं निघाले.

के. डी. ग्लोबल टॅलेंटचं ऑफिस चिकनच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. आत तीन मुली हेडफोन लावून पोर्टलवरच्या पोरांशी बोलत होत्या. त्यांतली कोपऱ्यातली सोनिया. काचेच्या केबिनमध्ये खंडेराव बसला होता, सफारीत, मागं मल्हारी मार्तंडाचा फोटो. दिपालीला पाहून त्यानं आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर तो उठून उभा राहिला, मग उठल्याचं लक्षात येऊन पुन्हा बसला.

तिनं विचारायचं ते सरळ विचारलं.

“म्या?” खंडेराव म्हणाला. “तुला?” त्यानं सोनियाला आत बोलावून यादी मागवली आणि चष्मा लावून वाचली. सत्तावन्न मुलांत एकतिसावं नाव तिचं होतं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. “हे कवा झालं? गाडेकर नाव दिसलं असतं ना, तर म्या पयल्याच झटक्याला काढून टाकलं असतं. मुंजाबा गाडेकराच्या घरचं कुत्रं बी घेतलं नसतं.”

दिपालीच्या जिवात जीव आला. इतकं चांगलं तिच्याशी आठ महिन्यांत कुणी बोललं नव्हतं.

“खरं?” तिनं विचारलं.

“मल्हारीची आण.”

सोनियानं मग मधे पडून सांगितलं की सर तर लिस्ट बघतच नाहीत, सर फक्त सही करतात, आणि दिपाली मॅमनं टेस्टमध्ये सगळ्यात जास्त मार्क काढलेत. खंडेरावानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण चहा मागवला. पूर्वी तो नाक्यावर उभं राहून हाताला लागतील ती माणसं टेम्पोत भरायचा, असं तो सांगत होता. आता माणसं तीच, नाकाही तोच, पण पोर्टलवरून बोलावलं की आंघोळ करून येतात. दिपाली खुर्चीत आरामात बसली. सोडून जायचं कारण उरलं नव्हतं. नोकरी तिचीच होती, आणि हे सिद्ध करणारा माणूस समोर चिडून बसला होता.

अडचण फॉर्ममध्ये निघाली. तो कंपनीच्या साइटवर भरायचा होता. सोनिया शेजारी बसून भरून घेत होती. रक्तगट झाला, आधार झालं, आणि चौदावा प्रश्न आला. आपले कुणी नातेवाईक कंपनीत किंवा कंत्राटदाराकडं आहेत का? असल्यास नाव व नातं.

सोनिया सहजपणे म्हणाली, “नाही टाका मॅम. सगळे नाहीच टाकतात.” मागं एका कंत्राटदारानं अख्खी लाइन बायकोच्या माहेरच्या माणसांनी भरली होती, तेव्हापासून हा नियम आला होता. हो टाकलं की फॉर्म लाल होतो. लाल झाला की गेला.

दिपालीचं बोट ‘नाही’वर गेलं आणि थांबलं. खंडेराव खिडकीबाहेर बघत होता.

“लिही नाय म्हणून,” तो तिकडंच बघत म्हणाला. “मला सवय हाय.”

चिकनच्या दुकानातून सुऱ्याचा आवाज येत होता. दिपालीनं तीनशे तेरा अर्जांचा हिशोब मनात एकदा केला. मग तिनं ‘हो’ दाबलं. सोनियानं कपाळाला हात लावला. नावाच्या चौकटीत दिपालीनं हळूहळू पूर्ण नाव भरलं, श्री. खंडेराव दगडूजी देवकाते, आणि नात्याच्या चौकटीवर टिचकी मारली. यादी उघडली. वडील, आई, पती किंवा पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, इतर.

“मामा नाय,” दिपाली म्हणाली.

खंडेरावानं स्वतः येऊन यादी वरखाली करून पाहिली. मामा नव्हता. जर्मनीत बसून ही यादी ज्यानं केली त्याला मामा नसावा, किंवा असला तर त्यानं त्याच्या लग्नात काही केलं नसावं. तिनं ‘इतर’ निवडलं आणि फॉर्म पाठवला. खंडेराव आपल्या केबिनमध्ये जाऊन बसला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. घरी दिपालीनं फॉर्मचं सांगितलं तेव्हा मुंजाबांनी तिला बोल लावला नाही. बायकोच्या भावाचं नाव एकदा खाल्लं, दुसऱ्यांदा खायचं नसतं, एवढंच म्हणाले. नानासाहेब चिठ्ठी घेऊन आले, ती वच्छलाबाईनं घेऊन ठेवली. दिपालीनं पोर्टल उघडलं आणि तीनशे चौदावा अर्ज अर्धा भरून ठेवला.

शुक्रवारी दुपारी मेघा मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज थोडा थकलेला होता. फॉर्म त्यांनी पाहिला होता. नियमाप्रमाणं तो लाल व्हायला हवा होता, पण सिस्टीम पहिल्या सात नात्यांनाच लाल करते. ‘इतर’ला ती नातेवाईक धरत नाही. फॉर्म हिरवा झाला होता, जर्मनीहून मंजूर होऊन आला होता, आणि तो लाल कसा करायचा हे इथं कुणाला माहीत नव्हतं. “तेव्हा सोमवारी ये,” त्या म्हणाल्या. “फक्त तुझ्या मामांनी कंपनीच्या आवारात ओळख दाखवायची नाही. तेवढं सांग त्यांना.”

सांगायला कुठं जावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी खंडेराव फॉर्मची छापील प्रत घेऊन घरी आला. सहा वर्षांनी. वच्छलाबाईनं दारातच त्याच्या पायावर पाणी घातलं आणि नाक ओढत आत वळली. मुंजाबांनी घोंगडी झटकून अंथरली. कुणी माफी मागितली नाही, कारण ती कुणी कुणाची मागायची यावरून आणखी सहा वर्षं गेली असती. कागद हातोहात फिरला. तोवर येऊन बसलेल्या नानासाहेबांपाशी आला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

“हितं तर इतर लिवलंय,” ते म्हणाले.

“व्हय,” खंडेराव म्हणाला. “पत्रिकेत चाळीस नावं व्हती नाना, त्यात म्या नव्हतो. ह्या कागदावर तिच्या बापाचं सोडून एकच नाव हाय. इतर तर इतर.” आणि त्यानं कागद परत घेऊन घडी घातली. वच्छलाबाईनं ताजी भाकरी वाढली. तो तीन जेवला.

सोमवारी सकाळी दिपाली पावणेसातला गेटवर पोचली. एरवी महिन्यातून एकदा येणारा खंडेराव तिच्याही आधी येऊन उभा होता. मेघा मॅडमची अट त्यानं फार मनावर घेतली होती. दिपाली दिसताच त्यानं तोंड भिंतीकडं केलं. ती रजिस्टरवर सही करत असताना तो रखवालदाराला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ही पोरगी कोण, आपण तिला वळखत नाय. ती आत गेली तेव्हा त्यानं हेच चहावाल्यालाही सांगितलं. मग शिफ्टच्या सुपरवायझरला फोन करून सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या लाइनला कळलं होतं की नवी ट्रेनी देवकाते साहेबांची भाची आहे. दिपालीनं तोवर सहाशे सीलं तपासून त्यांतली नऊ बाजूला काढली होती. ती नऊ खरोखरच खराब होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कँटीनमध्ये ताट घेऊन ती बसली, तर समोर पॅकिंगची एक मुलगी येऊन बसली. तिच्या भावाचा आयटीआय झाला होता. मग स्टोअरचा एक जण आला, त्याची बायको डी.फार्म. होती. मग रखवालदार, चार वर्षांत पहिल्यांदा गेट सोडून. तिघांनी तीन बायोडाटे तिच्या ताटाशेजारी ठेवले.

दिपालीनं त्यांना शांतपणे सांगितलं की असं काही नसतं, इथं निवड पोर्टलवरून होते, ती स्वतःही पोर्टलवरूनच आली, तेव्हा त्यांनी तिथं अर्ज करावा.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि समजूतदारपणे माना हलवल्या. “त्यो तर केलाच हाय ताई,” रखवालदार म्हणाला. “पण तुमी बी एक शब्द टाका.”